आखणीच्या रेषेजवळचे घर

नागपुरात पत्ता सांगताना आधी रस्ता येतो आणि मग वस्ती. घर वर्धा रोडला, प्लॉट उमरेड रोडला, सासर काटोल रोडला. वर्धा, हिंगणा, अमरावती, काटोल, छिंदवाडा, कामठी, भंडारा आणि उमरेड या दिशांना गेलेल्या रस्त्यांच्या कडेकडेने हे शहर वाढले. जुने राष्ट्रीय महामार्ग ६ आणि ७ इथेच एकमेकांना छेदत. नव्या क्रमांकांनुसार ते ५३ आणि ४४ झाले. १९४३च्या डिसेंबरात देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद याच शहरात भरली. तिथे ठरलेला वीस वर्षांचा रस्तेविकासाचा आराखडा ‘नागपूर प्लॅन’ म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही प्रतवारी त्यातूनच रूढ झाली. तेव्हा महामार्गाशेजारी राहणे नागपूरकराला नवे नाही. मात्र जुना महामार्ग वस्तीतून जात असे, त्याच्या कडेला दुकान टाकता येई, घरासमोरून बस पकडता येई. आता आखले जाणारे महामार्ग शहराला वळसा घालून जातात, दोन्ही बाजूंनी कुंपणबंद असतात आणि ठरावीक ठिकाणीच त्यांवर चढता-उतरता येते. घर शोधणाऱ्याचा हिशेब या फरकाने बदलतो, आणि जाहिरात नेमका तोच झाकते.

बदलीवर येणारा बँक अधिकारी, वेस्टर्न कोलफील्ड्सचा कर्मचारी, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या एम्समध्ये रुजू होणारी परिचारिका, पुण्याचे भाडे परवडेना म्हणून मिहानमधल्या कंपनीत बदली मागून घेतलेला संगणक अभियंता, अशा सगळ्यांचा पहिला रविवार बहुधा सारखाच जातो. लेआउटवाल्याची गाडी घ्यायला येते, शहराबाहेर पडते आणि बेसा, बेलतरोडी, जामठा, डोंगरगाव किंवा हिंगण्याच्या बाजूच्या एखाद्या मोकळ्या शेतात थांबते. तिथे चुन्याच्या रेषा, सिमेंटचे खुंट आणि कमान एवढेच असते. माहितीपत्रकावर मात्र ‘समृद्धीपासून ५ मिनिटे’, ‘आउटर रिंगरोड टच’, ‘मेट्रो फेज टूला लागून’ अशा ओळी असतात. त्यांतली प्रत्येक ओळ एखाद्या अर्थाने खरी असू शकते, म्हणूनच ती तपासायला वेळ लागतो.

पहिला घोळ रिंगरोडचाच. नागपुरात नुसते ‘रिंगरोड’ म्हटले की छत्रपती चौक, मानेवाडा, दिघोरी, पारडी, मानकापूर असा शहरातून फिरणारा रस्ता समजायचा; तो कधीकाळी वस्तीबाहेर होता, आज शहराच्या पोटात आहे. ‘आउटर रिंगरोड’ म्हणजे जामठ्याहून फेटरीकडे आणि पुढे भंडारा रोडच्या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा चौपदरी वळणरस्ता. त्याच्याही बाहेर तिसरे कडे येऊ घातले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘नवीन नागपूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाला मंजुरी दिली. हिंगणा तालुक्यात गोधणी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) या मौजांत सुमारे ६९२ हेक्टरांवर व्यापार आणि वित्त केंद्र, आणि शहराभोवती सुमारे १४८ किलोमीटर लांब, १२० मीटर रुंद नवा वळणरस्ता, त्याला लागून बस-ट्रकची चार टर्मिनल. लांबी-रुंदीचा साधा गुणाकार केला तरी नुसत्या रस्त्याखाली १,७७६ हेक्टर जमीन जाते. ज्या व्यापारी केंद्राची एवढी चर्चा झाली त्याच्या अडीच पटीहून जास्त. जाहिरातीत तिन्ही रस्त्यांना एकच शब्द वापरला जातो. यांपैकी एकावर आज गाडी चालते, एकावर रोज कोंडी होते आणि एक अजून कागदावर आहे.

रस्ता ‘जवळ’ असण्याचे दोन अर्थ निघतात. रेषा जवळ असते किंवा चढण जवळ असते. समृद्धी महामार्ग हे त्याचे सर्वात स्पष्ट उदाहरण. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून सुरू होतो. शिवमडका, वायफळ या बाजूला राहणाऱ्याला चढण खरोखरच हाताशी आहे. पुढे वर्धा जिल्ह्यात सेलडोह, येळाकेळी, विरूळ ही चढण्या-उतरण्याची ठिकाणे एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर आहेत. मधल्या गावांना रस्ता दिसतो, ऐकू येतो, पण त्यावर जायचे तर उलट दिशेने मोठा फेरा पडतो. शिवाय समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना परवानगीच नाही. ज्या शहरात कामावर जाणारे बहुतेक लोक गाडी म्हणतात ती दुचाकीलाच, तिथे हा मुद्दा खरे तर पहिल्या पानावर हवा. स्कूटीवरून एम्सला जाणाऱ्या परिचारिकेला समृद्धी दाराशी असून दिवसभरात काही उपयोगाची नाही. तिला लागतो तो वर्धा रोड, खापरीचे मेट्रो स्थानक आणि रात्रपाळीहून परतताना दिवे असलेला सर्व्हिस रोड. महिन्या-दोन महिन्यांतून संभाजीनगर किंवा मुंबईला चारचाकीने जाणाऱ्याचे गणित वेगळे. पण त्याच्यासाठीही घरापासून चढणीपर्यंतची वीस मिनिटे पाचशे-सातशे किलोमीटरच्या प्रवासात फारशी मोजण्याजोगी नसतात.

कुंपणबंद रस्त्याने होणारे तुकडे नकाशावर सहसा जाणवत नाहीत. पूर्वी शेतातून पाच मिनिटांत शेजारच्या गावच्या शाळेत जाणारी पायवाट भरावाने अडते आणि पलीकडे जायला फक्त भुयारी मार्ग उरतो. पावसाळ्यात अशा खोलगट वाटांचे काय होते हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. लोहापूल आणि नरेंद्रनगरचा रेल्वेखालचा रस्ता दरवर्षी ते दाखवतात. त्यामुळे घराची जागा पाहताना शाळा, दवाखाना, किराणा आणि बसथांबा हे नियोजित रेषेच्या कोणत्या अंगाला आहेत, ते आधी पाहिले जाते. सगळे पलीकडे असेल तर अंतर नकाशावर मोजण्यात अर्थ नाही, भुयारी मार्गापर्यंत जाऊन परत यायचे अंतर धरावे लागते.

यानंतरचा प्रश्न काळाचा. नियोजित रस्ता कागदावर अनेक पायऱ्यांतून जातो आणि प्रत्येक पायरीचे वजन वेगळे असते. आधी घोषणा, मग सल्लागाराने सुचवलेली आखणी, मग अधिसूचना. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६च्या कायद्यातल्या कलम ३अ खाली जमीन घेण्याचा इरादा जाहीर होतो. त्यात खसरानिहाय (भूमापन क्रमांकानुसार) यादी असते आणि हरकतींसाठी २१ दिवस मिळतात. पुढे कलम ३ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारच्या मालकीची होते. ३अ नंतर वर्षभरात ३ड झाली नाही तर ती अधिसूचना आपोआप संपते. राज्य रस्ते विकास महामंडळाचे मार्ग १९५५च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्याखाली येतात, त्यांची पद्धत थोडी निराळी. खरेदीपूर्व शोध घेणारे वकील म्हणूनच बातमीची कात्रणे बाजूला ठेवतात आणि एकच विचारतात, राजपत्रात खसरा नंबर आला का? तो आला नसेल तर रेषा अजून हलू शकते.

रेषा हलते याचे ताजे उदाहरण शक्तिपीठ महामार्गाचे. लोकांच्या तोंडी तो ‘नागपूर-गोवा’ असला तरी मूळ सरकारी आखणीत तो वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, सुमारे ८०२ किलोमीटरचा होता. कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांच्या विरोधानंतर तिथल्या आखणीचा फेरविचार करावा लागला. नागपुरात या रस्त्याच्या नावावर प्लॉट दाखवणारा कोणी भेटलाच तर नकाशावर पवनार कुठे आहे एवढे विचारले तरी पुरते. उलट समृद्धीच्या मागे सरकारचे सगळे बळ होते, पैसा होता, थेट खरेदीने जमीनही झपाट्याने मिळाली. तरी २०१५ मध्ये घोषित झालेल्या त्या रस्त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. घोषणा झाली तेव्हा पहिलीत असलेले मूल शेवटचा टप्पा सुरू होईपर्यंत दहावी पार करून गेले. बदलीची नोकरी असलेल्या माणसाचा एका शहरातला मुक्काम त्याहून कितीतरी लहान असतो.

झालेले कामही कायम राहीलच असे नाही. छत्रपती चौकातला उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडला गेला, कारण वर्धा रोडवर मेट्रो आणि तिच्याखाली नवा उड्डाणपूल असा दुमजली सांगाडा उभारायचा होता. त्या चौकाभोवती घर घेणाऱ्यांनी एक पूल बांधताना पाहिला, पाडताना पाहिला आणि मग दुसरा उभा राहताना पाहिला. कामठी रोडवरचा ५.६७ किलोमीटरचा दुमजली पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्याआधीची काही वर्षे तिथल्या दुकानदारांनी पत्र्यांच्या आडोशामागे काढली. पारडीच्या पुलाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचा एक भाग कोसळला. नियोजित रस्त्याशेजारी घर घेणे म्हणजे तयार रस्त्याआधी बांधकामाशेजारी राहणे. मुरुमाच्या टिप्परांची रांग, रात्री चालणारा काँक्रीटचा प्लँट, उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीत साचणारी भुकटी, तुटलेली नळाची लाइन, बदललेली वळणे. याचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात नसतो, आणि दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल घरात असेल तर नेमका हाच काळ सर्वात जड जातो.

कागदांची बाजू नागपुरात विशेष गुंतागुंतीची आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेली नागपूर सुधार प्रन्यास, महापालिका आणि शहराबाहेरच्या ७१९ गावांसाठीचे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, असे तीन कारभारी आहेत. प्लॉट कोणाच्या हद्दीत येतो त्यावर नकाशा मंजुरी, रस्ता, गटार आणि पाणी ठरते. शहरात ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे उच्चारले की जाणकाराला कळते की विषय गुंठेवारी लेआउटांच्या नियमितीकरणाचा आहे. प्लॉट ‘आरएल’ आहे म्हणजे नियमितीकरणाचे पत्र मिळाले आहे. ‘एनए-टीपी’ म्हणजे अकृषक परवानगी आणि नगररचनेची मंजुरी दोन्ही आहेत. दोन्ही चांगले, पण नियोजित महामार्गाच्या बाबतीत यांपैकी एकही पुरेसे नाही, कारण पत्र जुने असू शकते आणि रस्ता नवा.

त्यासाठी मागवायचा तो झोन दाखला आणि त्याला जोडलेला भाग नकाशा. दाखल्यावर मौजा, पटवारी हलका क्रमांक, खसरा क्रमांक आणि त्यापुढे जमीन कोणत्या विभागात येते ते लिहिलेले असते. ‘रहिवासी विभाग’ एवढेच असेल तर निश्चिंत राहता येते. पण अनेकदा वाक्य लांबते: अंशतः रहिवासी विभागात आणि अंशतः प्रस्तावित रस्त्याने बाधित. खसरा चार-पाच एकरांचा असतो आणि त्यातून साठ-सत्तर प्लॉट पाडलेले असतात. त्यांतले कोणते बाधित, ते दाखला सांगत नाही. भाग नकाशावर रस्त्याची पट्टी आणि लेआउटचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहावे लागते, आणि सीमेवरच्या प्लॉटसाठी भूमिअभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी लागते. लेआउटवाला दाखला दाखवताना पहिल्या अर्ध्या वाक्यावर बोट ठेवतो, हे या कामात मुरलेला प्रत्येक जण सांगेल. मोजणी झाल्यावर खुंट आधी दाखवला होता त्याहून दहा-बारा फूट सरकलेला निघाला तर मोठ्या प्लॉटला फरक पडत नाही. दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटचा अंगणाचा सगळा भाग मात्र जातो.

बाधित नसलेल्या प्लॉटवरही बंधने येतात. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांसाठी भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांनुसार, मोकळ्या आणि शेतीच्या प्रदेशात रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत बांधू नये आणि ७५ मीटरपर्यंत बांधकामावर नियंत्रण असावे. प्रत्यक्ष अंतर रस्त्याच्या वर्गाप्रमाणे आणि स्थानिक नियमावलीप्रमाणे बदलते, म्हणून नकाशा मंजूर करणाऱ्या कार्यालयात लेखी विचारणे बरे. महामार्गाला ‘टच’ असलेला प्लॉट दर चौरस फुटाला जास्त भावाने विकला जातो, पण त्याच्यावरच सर्वात कमी बांधता येते. हा व्यवहार दुकानासाठी घेणाऱ्याला एकवेळ परवडेल, राहणाऱ्याला नाही.

आवाजाचे गणित लोकांच्या अंदाजाच्या उलट चालते. रस्त्यावरून सतत वाहतूक असेल तर अंतर दुप्पट केल्यावर आवाज साधारण ३ डेसिबलनेच उतरतो. म्हणजे २५ मीटरवरचे घर सोडून २०० मीटरवर गेले तरी मोकळ्या मैदानात फरक पडतो तो ९ डेसिबलचा. भारतीय नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. वेगवान रस्त्यावर इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा असतो, त्यामुळे हॉर्न बंद झाले तरी घरघर थांबत नाही. त्यात टोलनाक्याच्या किंवा वळणाच्या आधी टाकलेल्या पांढऱ्या जाड पट्ट्या आल्या की प्रत्येक ट्रकचे सगळे आस एकामागून एक धडधडतात. लेआउट दाखवण्याची वेळ सकाळी अकराची असते. जड वाहने मोठ्या संख्येने निघतात रात्री, शहरातली बंदी उठल्यावर. म्हणून जामठा किंवा फेटरीच्या बाजूला प्लॉट पाहिलेला सावध माणूस रात्री जेवण झाल्यावर पुन्हा तिथे जातो, गाडी बंद करतो आणि काच खाली करून बसतो. हिवाळ्यात हे आणखी प्रकर्षाने कळते. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. आवाज वर निघून न जाता खाली वळतो, आणि धूरही जमिनीलगत साचून राहतो. रहदारीच्या धुराचा सर्वाधिक परिणाम मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरांपर्यंतच्या पट्ट्यात होतो, असे अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन नोंदवले. ‘रोडपासून दुसऱ्या ओळीत’ हा आग्रह त्या हिशेबाने फारसा कामाचा नाही, निदान अर्धा किलोमीटर आत सरकायला हवे.

पाण्याचे दोन प्रश्न आहेत, यायच्या पाण्याचा आणि जायच्या. महापालिकेची हद्द संपली की पेंच-कन्हानचे नळाचे पाणी गृहीत धरता येत नाही. शहराबाहेरच्या अनेक लेआउटांत वर्षानुवर्षे बोरिंग आणि टँकरवर भागते, आणि मे महिन्यात बोरिंगला काय येते ते शेजारच्या जुन्या घरात विचारले तर कळते. जायच्या पाण्यात महामार्गाचा भराव आडवा येतो. उताराच्या वरच्या अंगाला असलेल्या लेआउटमधले पाणी एखाद-दुसऱ्या मोरीतूनच पलीकडे जाऊ शकते, आणि ती मोरी जुन्या नाल्याच्या रेषेत नसेल किंवा प्लास्टिकने तुंबली तर भराव बांधासारखा वागतो. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या प्रतिष्ठित, महागड्या वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. तिथे महामार्ग नव्हता, पण पाण्याची वाट आणि घरांची जागा यांचा संबंध शहराला त्या दिवशी समजला. भाग नकाशावर नाल्याची निळी रेषा शोधायची आणि प्रत्यक्ष जागेवर ती अजून उघडी आहे की बुजवून प्लॉट पाडले आहेत ते पाहायचे, एवढे काम कोणालाही जमते.

या सगळ्यातून मग काय उरते? दक्षिणेकडे मिहान किंवा एम्समध्ये नोकरी असणाऱ्यासाठी मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, खापरी हा पट्टा, कारण तिथे वर्धा रोड आहे, मार्च २०१९ पासून मेट्रो आहे, शाळा आणि दवाखाने आजच उभे आहेत. त्याच्याही दक्षिणेला जामठ्यापाशी रुग्णालय आणि क्रिकेटचे मैदान आहे. सामन्याच्या दिवशी वर्धा रोडचे काय होते ते पाहून घ्यावे. बुटीबोरीच्या कारखान्यात काम असेल तर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यावर भिस्त न ठेवता आजच्या बसवर हिशेब करावा. हिंगण्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतले काम आणि लोकमान्यनगरपर्यंतची मेट्रो ही आजची सोय. शिवमडका, गोधणी, लाडगावकडचे भाव मात्र उद्याचे आहेत. तिथली जमीन ज्याला दहा-पंधरा वर्षे विसरून जाता येईल त्याने घ्यावी. राहण्याची जागा आणि गुंतवणुकीची जागा एकाच कर्जात बसवण्याचा आग्रह धरला की दोन्ही बिघडतात, हे नागपुरातल्या बहुतेक बँक अधिकाऱ्यांना ठाऊक असते. ते प्लॉट पाहायला जातात आणि स्वतः भाड्याने राहतात.

नव्याने येणाऱ्याने पहिले वर्ष भाड्याने काढावे असा सल्ला म्हणूनच बहुतेक जण देतात. लिव्ह अँड लायसन्सचा करार साधारणतः ११ महिन्यांचा असतो आणि महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. करार मेमध्ये सुरू केला तर त्यात टँकरचा महिना, पूर्ण पावसाळा आणि धुक्यातल्या पहाटा तिन्ही येतात. मुलांच्या प्रवेशासाठी शाळेने मागितलेला रहिवासाचा पुरावा याच नोंदणीकृत कराराने भागतो. दरम्यान झोन दाखल्याचा अर्ज, भाग नकाशाची प्रत, तीस वर्षांचा शोध अहवाल आणि गरज पडली तर मोजणी, ही कामे सवडीने होतात. शहराच्या हद्दीतल्या प्लॉटची आखीव पत्रिका आणि बाहेरच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन पाहता येतो. पण नव्या वळणरस्त्याच्या अधिसूचनेत आपला खसरा आला आहे का, हे राजपत्र आणि प्राधिकरणाच्या कार्यालयातला नकाशा यांतच पाहावे लागते, आणि विसाराची रक्कम देण्याच्या आदल्या आठवड्यात ते पुन्हा एकदा पाहावे लागते.